आदल्या रात्री आलेली क्लिप खरी का एआयची, ओळखायचं कसं?

रंकाळाकर:
भावांनो, महापालिकेच्या मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या तालमीच्या ग्रुपवर एका उमेदवाराच्या आवाजातली क्लिप पडली, "त्या गल्लीला पाणी सोडू नका, तिथं आपली मतं न्हाईत" असलं बोलतोय. खोकला, मधीच "कळलं काय" म्हणायची सवय, सगळं त्येचंच. सकाळी म्हणं एआयचं हाय. खरं खोटं अजून कुणालाच माहीत न्हाई, मतं मात्र पडून गेली. यावर कायदाबियदा हाय का नुसतंच?

पंचगंगाकाठ:
आवाजावरून ओळखायच्या नादाला लागू नको. भाषणं फेसबुकवर ढिगानं पडलीत, त्यातल्या थोडक्या तुकड्यावर आवाज बनतो आता. त्यापेक्षा पहिल्यांदा टाकली कुणी, अख्खं रेकॉर्डिंग कुठंय आणि नेमकी आदल्या रात्रीच का, हे विचार. स्लोव्हाकियात 2023 ला मतदानाच्या दोन दिवस आधी तिथला एक पक्षनेता मिखाल शिमेचका मतं विकत घ्यायचं बोलतोय अशी नकली ऑडिओ सोडली, वर प्रचारबंदी चालू, म्हणजे खुलासा करायची पण पंचाईत.

कडकलक्ष्मी:
मला उलटी भीती जास्त. उद्या कुणी खरंच पैशाचं बोलताना सापडला तरी "एआय आहे" म्हणून हात झटकणार. 2024 च्या विधानसभेला आदल्या दिवशीच बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरायच्या बोलण्याच्या क्लिपा आल्या, सुप्रिया सुळे म्हणाल्या आवाज माझा नाही, आणि लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणं ठरवून टाकलं, तपासायला वेळ होता कुणाला?

उचगावकर:
एआयच्या नावानं कशाला बोंबलताय, जून 2023 ला नुसत्या स्टेटसवरनं इथं कोल्हापुरात दगडफेक झाली, नेट बंद करायला लागलं, तवा कुठलं एआय? आणि मत फिरतंय पाकिटावर, क्लिपवर न्हाई.

कडकलक्ष्मी:
पाकिटं वाटायला माणसं लागतात, कधीतरी सापडतात. क्लिपला एक पोरगं आणि मोबाईल बास.

पंचगंगाकाठ:
कायद्याचं राहिलं. मे 2024 ला भारत निवडणूक आयोगानं पक्षांना सांगितलं, नकली मजकूर लक्षात आला की 3 तासांत काढा. ऑक्टोबर 2025 ला आणखी, एआयचा व्हिडिओ असेल तर किमान 10 टक्के जागेत तसं लिहा. पण हे पक्ष आणि उमेदवारांना, तुमच्या ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डला कोण विचारतंय? त्यात महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडं, ते दुकानच वेगळं. क्लिप डिलीट करू नको, मूळ मेसेज ठेव आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी दे.

रंकाळाकर:
टाकणारा रात्रीच लेफ्ट झालाय ओ. ॲडमिन मी हाय, मला बोलवतील काय?

उचगावकर:
तुलाच पयला.