क्रमवारीपलीकडे, जगातील मोठी विद्यापीठे नेमकी कशामुळे वेगळी ठरतात?

दारव्हेकर मास्तर

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वर्गातील बहुतेक मुलांची घरे कपाशी-सोयाबीनवर चालतात. ऑक्सफर्ड, हार्वर्ड ही नावे त्यांना पाठ आहेत, परंतु “तिथे असे काय आहे, जे अमरावती-नागपूरला नाही?” असे बारावीच्या एका मुलीने विचारले, तेव्हा इमारती, पैसा आणि नोबेल ही तिन्ही उत्तरे तिला पटली नाहीत. क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवून, ज्या विद्यापीठाची शिकवण्याची किंवा काम करण्याची रीतच निराळी आहे, अशी उदाहरणे जाणकारांनी द्यावीत, ही विनंती.

पूर्णाकाठ

तक्ते बाजूला ठेवलेत हे बरे केले. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के भार प्राध्यापक-संशोधकांच्या मतांवर, म्हणजे नावलौकिकावर असतो. ज्याचे नाव आधीच मोठे त्याच्याच पदरात मते पडणार, हे उघड आहे.

ऑक्सफर्डचे खरे वैशिष्ट्य तेथील ट्युटोरियल. विद्यार्थी आठवडाभर वाचून निबंध लिहितो आणि एखाद-दुसऱ्या सोबत्यासह प्राध्यापकासमोर बसतो. तेथे त्याच्या विधानांना आधार विचारला जातो. मागच्या बाकावर लपण्याची सोय नाही आणि गाईड वाचून आदल्या रात्री वेळ मारून नेण्याचीही नाही. केंब्रिजमध्येही हीच पद्धत आहे, फक्त तिला सुपरव्हिजन म्हणतात. ही रीत अतिशय खर्चिक असल्यामुळे आपल्या भरगच्च वर्गांत ती जशीच्या तशी आणता येणार नाही, हे मात्र मान्य करावे लागेल.

काळी माती, अकोला

मास्तर, त्या मुलीला अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे उदाहरण सांगा, कारण ते आपल्या गोठ्याजवळचे आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला केंद्राकडील जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवायची, असे ठरले. कॉर्नेल आणि एमआयटी यांनाही या कायद्याचा लाभ झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. पुढे १८८७ च्या कायद्याने प्रयोग केंद्रे आली आणि १९१४ च्या कायद्याने विस्तारकार्य, म्हणजे संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची व्यवस्था उभी राहिली.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील फॅट मोजण्याची सोपी चाचणी शोधली. दुधात गंधकाम्ल घातले की स्निग्धांश सोडून बाकीचे घटक विरघळतात. मग बाटली यंत्रात गरगर फिरवली की फॅट वर येते आणि बाटलीच्या मानेवरील खुणांवर वाचता येते. तोपर्यंत पाणी घालणारा आणि निके दूध आणणारा यांना एकच भाव मिळत असे. बॅबकॉक यांनी या चाचणीचे पेटंट घेतले नाही. आपल्या डेअऱ्यांत पुढे फॅट मोजण्याची गर्बर पद्धत रुळली आणि आता यंत्रे आली. परंतु फॅटवर भाव ठरवण्याचा मार्ग अशाच चाचण्यांनी मोकळा केला.

आपली कृषी विद्यापीठेही याच धर्तीवर उभी राहिली. पंतनगरला १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सुरुवात झाली आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मधले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे कागदावर आपल्याकडेही आहेत. तिसरे किती होते, हे शिवारात फिरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

वाशीमचा वाचक

काळी माती यांनी विस्ताराने लिहिले आहे. त्यात एक भर घालतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचे वर्गही त्यांनी केले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. विद्यार्थ्याने स्वतःचा सिद्धांत मांडावा आणि तो शिक्षकांनी तपासावा, ही चर्चासत्राची परंपरा जर्मन विद्यापीठांतली; १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने ती अमेरिकेत रुजवली. आपल्याकडे बी.ए.चा विषय एकदा ठरला की पलीकडच्या विभागाचा उंबरठाही ओलांडता येत नसे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो उंबरठा आता थोडा खाली येत आहे.

दारव्हेकर मास्तर

सर्वांचे आभार. दुधाची गोष्ट उद्याच वर्गात सांगतो. मुलांचा पुढचा प्रश्न खर्चाचा असेल, त्याविषयीही कोणी लिहावे.

पूर्णाकाठ

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, मात्र राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा. अपवादही आहेत: म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ पासून युरोपबाहेरून नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात क्रमवारीची अट असते, त्यामुळे ते तक्ते शेवटी पाहावेच लागतील. अटी बदलत असतात. जाहिरात निघाली की मूळ शासन निर्णय वाचावा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नये.