अनुभव धागा: मरिनर्समधला तुमचा खेळाडू कोण, आणि यंदा वर्ल्ड सिरीज दिसणार का?

सिअ‍ॅटल मरिनर्स हा आपला बेसबॉल संघ 1977 साली सुरू झाला. मेजर लीगच्या 30 संघांत वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणारी अंतिम मालिका, एकदाही न खेळलेला हा एकमेव संघ. 2025 च्या ऑक्टोबरात टोरंटो ब्लू जेजविरुद्ध ती आठ आउटवर येऊन (समोरचे आठ गडी बाद करायचे उरले असताना) हुकली. आता 2026 च्या हंगामासाठी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे बसून तो झेलणारे) अ‍ॅरिझोनात पिओरियाला सरावाला जमलेत आणि बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या मराठी घरांत जेवायला चार जण जमले की वाद सुरू: टोरंटोविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात पिचर मुन्योसला का नाही आणलं? हुलिओ रॉड्रिगेझची बॅट एप्रिलमध्ये का चालत नाही? कॅल पुन्हा तसाच खेळेल का? तर वाद इथे घाला, पण नुसती मतं नकोत. कोणता खेळाडू तुम्ही स्वतः पाहिलात, कुठे बसून पाहिलात आणि त्यावरून यंदाचं काय वाटतं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा खेळाडू कॅल रॅली. 24 सप्टेंबर 2025 ला मी मैदानात होते. त्या रात्री त्याने हंगामातला 59 वा आणि 60 वा होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा कुंपणापलीकडचा फटका) मारला आणि 2001 नंतर पहिल्यांदा आपण डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकलो. साठ हा आकडा सगळे सांगतात, पण तो कॅचरने गाठलाय याकडे बघा. याआधी कॅचरचा विक्रम 48 चा होता, साल्वाडोर पेरेझचा. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे 54. आणि आपल्या संघात खुद्द केन ग्रिफीचे 56. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला खाली बसले होते. इनिंग संपली की कॅल पायांवरची पॅडं सोडत सोडत डगआउटमध्ये (संघाच्या बाकांकडे) जायचा, हेल्मेट घालून बॅट घ्यायचा, आणि आउट झाला की पुन्हा पॅडं बांधून प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, उकिडवा बसायचा. हे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) यांकीजच्या आरोन जजला गेला. पहिल्या पसंतीची मतं 17 विरुद्ध 13 पडली. मला तो निर्णय आजही पटलेला नाही.

एव्हरेट, विमान कारखान्यातून निवृत्त

ताई, कॅल मोठाच आहे. पण 1995 पाहिलेल्या माणसाला विचाराल तर उत्तर एडगर मार्टिनेझ.

तेव्हा सामने किंगडोममध्ये व्हायचे. डोक्यावर काँक्रीटचं छत, त्यामुळे आवाज बाहेर पडायला वावच नाही. ऑगस्टमध्ये आपण एंजल्सच्या 13 सामने मागे होतो. तिथून डिव्हिजन जिंकली, आणि 8 ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) पाचवा सामना अकराव्या इनिंगमध्ये गेला. 5-4 ने मागे. जोई कोराने बंट करून (बॅट हलकेच चेंडूला टेकवून) पहिला बेस गाठला, ग्रिफीने सिंगल (एका बेसपुरता फटका) मारली, आणि एडगरने डाव्या रेषेला धरून चेंडू पाठवला. कोरा आला, बरोबरी झाली. ग्रिफी पहिल्या बेसवरून निघाला होता, तो तिसऱ्यावर थांबेल असं वाटलं. थांबला नाही. घसरत प्लेटवर आला आणि सगळा संघ त्याच्या अंगावर पडला. शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं होतं.

नव्या पिढीने एक लक्षात ठेवावं. त्याच सप्टेंबरात नव्या स्टेडियमचा कर मतदारांनी थोडक्यात फेटाळला होता. ती धाव झाली, संघाने गावाला वेड लावलं, आणि त्याच ऑक्टोबरात विधिमंडळाने पैशाची सोय केली. 1999 साली उघडलेलं आजचं स्टेडियम त्यातून आलंय. एडगरच्या नावाचा रस्ता उगाच नाही तिथे. यंदाचं विचाराल तर जाऊ. मी हे बघितल्याशिवाय राहणार नाही.

युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्ट, आता लिनवुड

काका, तुमच्या वाट्याला 1995 आणि 2001 आलं. आमच्या वाट्याला फेलिक्स.

मी एमएस करायला आलो तेव्हा तिकीट मिळणं अवघड नव्हतं, कारण संघ हरायचा. पण फेलिक्स हर्नांडेझ पिच करणार असला की डाव्या कोपऱ्यात पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं आणि हातात 'के' (स्ट्राइकआउटची, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाल्याची खूण) लिहिलेले फलक. दोन स्ट्राइक झाल्या की अख्खा कोपरा उभा राहून 'के, के, के' ओरडायचा. 2010 ला त्याला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळाला तेव्हा त्याच्या नावावर 13 विजय आणि 12 पराभव होते! इतकं चांगलं पिचिंग करून बारा पराभव, कारण आपली बॅटिंग धावाच करत नव्हती. 15 ऑगस्ट 2012 ला त्याने परफेक्ट गेम टाकला, 27 आले नि 27 गेले. त्या दिवशीही आपण काढली एकच धाव. 1-0.

या माणसाने सिअ‍ॅटलमध्ये पंधरा सीझन काढले आणि प्लेऑफमध्ये एक चेंडू टाकायला मिळाला नाही. म्हणून कोणी 'आपलं पिचिंग भारी आहे, होईल' म्हणालं की मी अस्वस्थ होतो. पिचिंग फेलिक्सच्या काळातही होतं. आपल्या मैदानात समुद्राकडची गार, जड हवा असते, चेंडू लांब जात नाही, पिचर चांगले दिसतात आणि बॅटर यायला कचरतात. मालकांनी बॅटरवर पैसा घालायलाच हवा. नेलरशी पाच वर्षांचा करार केला, फार बरं केलं. पण पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, ती जागा भरणार कोण?

इसाक्वा

15 ऑक्टोबर 2022. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध अठरा इनिंग. सतरा इनिंग 0-0, मग त्यांच्या पेन्याचा होम रन, 0-1, खेळ खल्लास. सव्वासहा तासांवर. जॉर्ज कर्बीने पहिल्या सात इनिंग एकही धाव दिली नव्हती. लिनवुडकरांच्या म्हणण्याला हा एकच सामना पुरे.

सांगली, मुलीकडे सॅमामिशला येऊन-जाऊन

मी क्रिकेट बघत वाढलेली. मुलीकडे उन्हाळ्यात आले की जावई स्टेडियमला नेतात. पहिल्या वेळी काहीच कळेना, मग त्यांनी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल हातात दिली आणि लिहायला शिकवलं. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर 1, कॅचर 2, शॉर्टस्टॉप 6, सेंटर फील्ड 8. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि गडी बाद, तर लिहायचं 6-3. बॅट फिरवून स्ट्राइकआउट झाला तर सरळ के, नुसता बघत राहिला तर उलटा के. हे लिहायला लागले आणि खेळ उलगडला. आता सामना नुसता बघायचा म्हटलं तर मला चुकल्यासारखं वाटतं, हातात पेन्सिल पाहिजे.

माझा खेळाडू जॉश नेलर. अंगाने भक्कम, पळायला संथ, आणि तरी गेल्या वर्षी 30 बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला). त्यातले 19 आपल्याकडे आल्यावर, एकदाही न सापडता. मी दुर्बिणीतून त्यालाच बघत बसायचे. पहिल्या बेसवर उभा राहून तो पिचरच्या खांद्याकडे, पायाकडे टक लावून असतो. पाऊल-पाऊल सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. पिचरची टाच उचलली की हा निघाला! वेग नसलेल्या माणसाने नजरेवर आणि अंदाजावर हे करावं याचं मला फार कौतुक आहे. आमच्या यजमानांना ज्युनिअर मुलांचं खेळणं आवडतं, तो तरुण कोल्ट इमर्सन मुख्य संघात कधी येणार असं फोनवर विचारत असतात.

तिथे भाजलेले नाकतोडे विकतात, ते मी काही खाल्ले नाहीत. लसणाचे फ्राइज मात्र खासच.

पुणे, पूर्वी किर्कलंड

परत आलो तरी संघ सुटला नाही. तिकडे संध्याकाळी पाचला सामना म्हणजे इथे पहाटे साडेपाच. 2025 च्या प्लेऑफमधला डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना 11 ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी लागला. त्यांच्या तारिक स्कुबलने सहा इनिंगमध्ये 13 जणांना स्ट्राइकआउट केलं. असं पिचिंग प्लेऑफमध्ये मी पाहिलेलं नाही. आपण 2-1 ने मागे. स्कुबल गेल्यावर सातव्या इनिंगमध्ये लिओ रिव्हासला बदली बॅटर म्हणून पाठवलं. प्लेऑफमध्ये पहिल्यांदाच बॅट हातात, त्यात त्याचा वाढदिवस, आणि त्याने सिंगल मारून बरोबरी केली.

त्यानंतर कोणालाच धाव निघेना. घरात पोहे झाले, चहा दोनदा झाला, सोसायटीतली मुलं खाली क्रिकेट खेळायला लागली, सामना चालूच. गिल्बर्ट आणि कास्टिओ हे एरवी पहिल्या इनिंगपासून टाकणारे पिचर, तेही बुलपेनमधून (बदली पिचरांच्या जागेतून) धावत आले. मधेच मैदानावर माशांच्या वेषातली शर्यत झाली आणि कायम हरणारा हम्पी जिंकला. तेव्हाच बायको म्हणाली, आज होतंय. पंधराव्या इनिंगमध्ये क्रॉफर्डची सिंगल, अरोझरेनाला चेंडू लागला, हुलिओला मुद्दाम वॉक (पहिला बेस फुकट) दिला, बेस भरलेले, आणि पोलांकोने उजवीकडे चेंडू काढला. 3-2. साडेदहा वाजून गेले होते. मी गॅलरीत जाऊन ओरडलो.

म्हणूनच पोलांको गेल्याचं मला इतकं लागलंय.

रेंटन

टोरंटोविरुद्धचा सातवा सामना 20 ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. आम्ही पूजा दुपारी उरकायची ठरवली होती, पण आई म्हणाल्या दिवेलागणीलाच करायची. मग टीव्ही शेजारच्या खोलीत, आवाज बंद. हुलिओचा होम रन तिसऱ्या इनिंगमध्ये, कॅलचा पाचव्यात, 3-1. आरतीपर्यंत तसंच होतं. सातव्या इनिंगमध्ये ब्रायन वूने बार्जरला वॉक दिला, कायनर-फालेफाने सिंगल मारली, मग बंट, दोघे पुढे सरकले. आपले मॅनेजर डॅन विल्सन बाहेर आले आणि त्यांनी बदली पिचर एदुआर्द बझार्दोला बोलावलं. टोरंटोच्या स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत टाकला. 4-3. पुढे आपल्याला एकही धाव काढता आली नाही. शेवटचा आउट हुलिओचा, आणि पुढचा बॅटर कॅल, तो तिथेच उभा.

मुलगा फराळाला हात न लावता झोपला. माझं म्हणणं स्पष्ट आहे. सामन्यातला सगळ्यात कठीण क्षण तो होता. सर्वांत चांगला पिचर आंद्रेस मुन्योस त्याच क्षणी हवा होता. नवव्या इनिंगसाठी राखून ठेवला आणि तो सामन्यात आलाच नाही. यंदा प्लेऑफला गेलो तर विल्सन यांनी हे बदलावं.

मिसिसागा (हो, ब्लू जेजवाला)

धाग्यात आलोय, राग मानू नका. रेंटनच्या दादांना सांगतो, त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात तीच वेळ आमच्यावर आली होती. आठवी इनिंग, आम्ही 2-1 ने पुढे. आमच्या पिचर लिटलला कॅलने होम रन मारून बरोबरी केली, मग दोन वॉक, मग डोमिंगेझने अरोझरेनाला चेंडू मारला आणि स्वारेझने ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना होम रन, चार धावा) ठोकला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही रात्रभर 'याला का आणलं' हेच चाललं होतं. बझार्दो वर्षभर तुमचा भरवशाचा माणूस होता. स्प्रिंगरने ऑक्टोबरात भल्याभल्यांना मारलंय. त्या होम रनचं श्रेय त्याला द्या, सगळा दोष मॅनेजरला नको.

रेंटन

श्रेय स्प्रिंगरला शंभर टक्के. पण मुन्योसचा प्रश्न तरी उरतोच, दादा. दिवाळीच्या उशिरा शुभेच्छा.

बॉथेल

हुलिओबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी. 2025 ला 32 होम रन आणि 30 चोरलेले बेस. 2023 लाही तिशी-तिशी. सेंटर फील्डला त्याच्यासारखा धावणारा माणूस मी पाहिलेला नाही. बॅट लागताक्षणी पाठ फिरवतो, चेंडूकडे न बघता कुंपणाकडे पळतो आणि शेवटच्या दोन पावलांत मान वळवून झेल घेतो. टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा चेंडूवर असतो. एकदा तरी सेंटर फील्डच्या मागे तिकीट काढून फक्त त्यालाच बघा.

एप्रिलची तक्रार खरी आहे. उन्हाळा लागला की त्याची बॅट बोलते, वसंतात गप्प असते. पण म्हणून त्याला 'दडपणाखाली टिकत नाही' म्हणणं अन्याय आहे. सातव्या सामन्यात पहिल्याच बॅटिंगला डबल (दोन बेसांचा फटका) आणि मग होम रन मारणारा तोच होता.

आता शक्यतेबद्दल. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी प्लेऑफ एका सामन्याने हुकलं. 2025 ला सप्टेंबरात ह्यूस्टनला जाऊन तिन्ही सामने जिंकले म्हणून डिव्हिजन मिळाली. रोब्लेसने सूर मारून घेतलेला तो झेल आठवा! वू, कर्बी, गिल्बर्ट, कास्टिओ, मिलर हे पाच जण निरोगी राहिले तर आपण नक्की 90 सामने जिंकतो. गेल्या वर्षी यांतले बहुतेक कधी ना कधी जायबंदी होते, वू तर डेट्रॉइटविरुद्ध टाकूच शकला नाही. लिनवुडकर, तुमची भीती मला समजते, पण फेलिक्सच्या मागे कॅल, हुलिओ आणि नेलर नव्हते.

आणि 90 पुरत नाहीत हे मला टोरंटोने शिकवलं. त्यांचे 94 होते, म्हणून सहावा-सातवा सामना त्यांच्या घरी झाला. तिसरा-चौथा आपण आपल्याच घरी हरलो हे मान्य, तरी सातव्या सामन्याला आपलं मैदान आणि ती जड हवा मला हवी आहे. ते चार विजय एप्रिल-मेमध्येच मिळवावे लागतील. हुलिओने मेपर्यंत दहा होम रन मारले तर माझ्या मते आपण वर्ल्ड सिरीजला जातो. नाही मारले तर डिव्हिजन जिंकू, आणि पुन्हा कोणाच्या तरी घरी जाऊन खेळू.