शत्रूचा तोल किती वेळा जावा?

प्रश्न – डिचोलीकर
दिपाजी राणे यांनी १८५२ मध्ये गोव्यातील नाणूसचा किल्ला घेतला, त्या पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावावर आम्ही दोघे मित्र तलवारबाजीचा एक छोटा गेम तयार करत आहोत. सध्या प्रत्येक घावाने शिपाई ३० फ्रेम (म्हणजे पडद्यावरची ३० चित्रे बदलेपर्यंत) डळमळतो आणि तलवारीचा पुढचा घाव २२व्या फ्रेमलाच बसतो. त्यामुळे एकच बटण दाबत राहिले, तर त्याला उलट वार करण्याची संधीच मिळत नाही. डळमळ १२ फ्रेमवर आणली, तेव्हा कुऱ्हाडीचा घावसुद्धा कापसाच्या गादीवर पडल्यासारखा वाटू लागला. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर – म्हापसेकर
घावाचे वजन आणि घावाचा फायदा या दोन गोष्टी आपण एकाच आकड्याला बांधल्या आहेत, तिथेच घोटाळा आहे. वजन जाणवण्यासाठी घाव बसताच मारणारा व खाणारा अशा दोघांनाही चार-पाच फ्रेम जागीच गोठवावे. हा विराम दोघांना सारखाच असल्याने कोणाचेच पारडे जड होत नाही. डळमळ १२ फ्रेमच ठेवून प्रत्येक शिपायाला १०० गुणांचा तोल द्यावा, तो तलवारीने १५ आणि कुऱ्हाडीने ४५ कमी करावा आणि शून्यावर आल्यावरच शिपाई गुडघ्यावर यावा. खरी मेख आहे ती तोल पुन्हा भरण्याच्या वेगात. २०१९ च्या सेकिरो या गेममध्ये शत्रूची प्राणशक्ती जितकी घटते, तितका तो सावकाश सावरतो, त्यामुळे अंगावर बसलेला लहानसा घावही वाया जात नाही.

उत्तर – फोंडेकर
सहमत आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. शिपायाने मोठा वार उचलल्यानंतर हलक्या घावाने तो थांबू नये. मात्र ही गोष्ट खेळणाऱ्याला दिसली आणि ऐकू आली पाहिजे, नाहीतर गेमच बिघडला आहे, असे तो समजतो. (माझ्या पहिल्या गेमबद्दल धाकट्या भावाने हीच तक्रार केली होती आणि ती रास्त होती.) शिवाय मॉन्स्टर हंटर या गेममध्ये एकदा भोवळ आलेल्या प्राण्याला पुन्हा भोवळ आणणे अधिक कठीण होत जाते, तसेच इथेही करावे.

डिचोलीकर
दोन्ही सूचना काल रात्री करून पाहिल्या. कुऱ्हाडीला वजन आले, आणि तलवारीचे तीन-चार घाव सोसून शिपाई आता भाला पुढे करतो. किल्ल्याच्या दरवाजात तिघे एकदम आले, की मात्र कुऱ्हाडीच्या तीन आडव्या घावांत तिघेही गुडघ्यावर येतात. तेवढ्या घावापुरते ४५ ऐवजी प्रत्येकी २० ठेवून पाहतो.