शब्दचर्चा: लिनक्सचं 'वितरण' की लिनक्सचा 'वाण'?

पांदण (दारव्हा, यवतमाळ)
गावच्या अभ्यासिकेत तीन जुने कॉम्प्युटर आहेत, चार जीबी रॅमचे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या मशिनींवर बसत नाही, म्हणून तिन्हीवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकलं. चांगलं चालतं. पोरांसाठी भिंतीवर लावायला एक पानभर माहिती मराठीत लिहायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीत अडकलो.

इंग्रजीत ज्याला लिनक्सचं डिस्ट्रिब्युशन म्हणतात त्यासाठी मी लिहिलं होतं, "मिंट हे लिनक्सचे एक वितरण आहे." तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका पोरानं विचारलं, "दादा, वितरण कोणत्या तारखेला आहे?" त्याचं काही चुकलं नाही. आमच्याकडे वितरण म्हणजे राशनच्या दुकानातले गहू-तांदूळ. मी ते खोडून 'वाण' लिहिलं. कपाशीचा वाण, तुरीचा वाण, तसा लिनक्सचा वाण. सगळ्यांना लगेच समजलं. दुसऱ्या दिवशी आमच्या निवृत्त गुरुजींनी त्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल केला आणि बाजूला लिहिलं, "वाण संक्रांतीला देतात. योग्य शब्द लिहावा."

कागद लॅमिनेट करायचा आहे. काय ठेवू? वर्हाडात दुसरा कोणता शब्द चालतो का?

खारपाणपट्टा (अकोला)
भाऊ, वाणच ठेवा. अकोल्याले १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, आमचा सारा जन्म वाण हाच शब्द आयकण्यात गेला. डेबियन हे असंच एक लिनक्स, १९९३ चं. त्याच्यातून २००४ ले उबुंटू निघालं, उबुंटूतून २००६ ले मिंट. एकातून निवडून दुसरं तयार होते, हे वितरण नोहे, हे वाणच होय.

अन् याच्याहून मोठं कारण सांगतो. संकरित कपाशीचं बियाणं दरसाल दुकानातून आणा लागते. सोयाबीनचा वाण सरळ आहे, त्याचं बियाणं घरी ठेवता येते, शेजाऱ्याले देता येते. मी मृगाच्या आधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडतो, गोणपाट गुंडाळून ठेवतो, चार-पाच दिवसांनी मोजतो. सत्तरच्या वर उगवले त पेरतो. मिंटची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली का तिचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे सांगणारा आकडा) जुळवून पाहतो, अन् जुळला तरच मशिनीत टाकतो. पोराले मी त्याले 'उगवण पाहणे' म्हणूनच शिकवलं. पेन ड्राइव्ह मंग गावभर फिरते, कोणी अडवत नाही. शेजाऱ्याले देता येते हे 'वाण' म्हटलं का शेतकऱ्याले आपोआप समजते. 'वितरण' म्हटलं का तो रांगेत उभा रायते.

बोरू (नागपूर)
भावना समजते, पण पारिभाषिक शब्द भावनेवर ठरवू नये. वाण हा 'वर्ण'पासून आला. मूळ अर्थ रंग. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" या म्हणीतला वाण म्हणजे बैलाचा रंगच. त्यावरून प्रकार हा अर्थ आला. लिनक्सचा गाभा १९९१ पासून एकच आहे. त्याभोवती हजारो पॅकेजेस (तयार प्रोग्रॅमचे गठ्ठे) निवडून, जुळवून, एकत्र बांधून लोकांपर्यंत पोचवणं हे डेबियन किंवा मिंटचं काम. पोचवणं म्हणजे वितरण. राशनमुळे शब्द बाटला म्हणून तो टाकायचा, तर मग 'अर्ज', 'योजना', 'लाभ' हेही टाकावे लागतील.

आणि 'वर्हाड' असं लिहू नका हो. वऱ्हाड.

पांदण
माफ करा, मिंटवर आल्यापासून तो ऱ्ह जमतच नाही. र, मग पाय मोडायचा, मग ह, की रफार वर जाऊन बसतो.

रात्रपाळी (मेहकर, बुलढाणा)
दादा, इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये र साठी नुसती जे (J) ही कळ न दाबता शिफ्ट धरून ती दाबा. तो वेगळा ऱ आहे. 'वऱ्हाड' म्हणजे बी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, उघडता चौकोनी कंस ([). मीही दोन वर्षं 'बर्या', 'दुसर्या' लिहीत होतो. फॉर्म भरायचं दुकान आहे माझं, लोकांची नावं रोज टंकावी लागतात. 'कऱ्हाळे' आडनावाचा माणूस पुढ्यात बसला की चुकून चालत नाही.

मूळ प्रश्नावर माझं मत नाही, पण एक विचारायचं आहे. आमच्याकडे विंडोज 'मारतात'. "भाऊ, विंडो मारून द्या." लिनक्स मात्र कोणी मारत नाही, 'टाकतात' किंवा 'बसवतात'. असं का?

बोरू
'विंडो मारणे' हे हिंदीतून आलेलं दिसतं. 'स्थापित करणे' म्हणावं.

खारपाणपट्टा
हिंदीतून काहून? आपण फवारा मारतो, रंग मारतो, शिक्का मारतो, नांगराचं एक तास मारतो. जे काम पुन्हा पुन्हा करा लागते ते 'मारतो'. विंडोज दर सहा महिन्यांनी पुन्हा टाका लागे म्हणून ती मारतात. मोटर एकदा बसवली का बसली. गणपती बसवतो, देवी बसवतो. मिंट बसवलं, ते बसलं.

धानपट्टा (नागभीड, चंद्रपूर)
खारपाणपट्टा दादांची व्युत्पत्ती मनाला पटली तरी मला शंका आहे, कारण आमच्याकडे नवीन मशीनवरसुद्धा पहिल्यांदाच विंडो 'मारतात'. पण वाणाबद्दल मला बोलायचं आहे.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे सगळ्यांना माहीत असतील. पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, असं वर्षानुवर्षं केलं आणि त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी निघाला. नाव घड्याळावरून पडलं. बियाणं त्यांनी हातोहात दिलं, ते कुठच्या कुठे पोचलं. २०१८ मध्ये ते गेले. कोणी मला विचारलं की उबुंटूतून मिंट कसं निघालं, तर मी दादाजींची गोष्ट सांगते. पटेल-३ तसाच राहिला, त्यातून दुसरं काही उभं राहिलं, पहिल्याचं काही बिघडलं नाही. हे सांगायला 'वितरण' अपुरं पडतं. वितरणात फक्त वाटणं आहे, निवडणं नाही.

गुरुजींचंही मला खोडावंसं वाटत नाही. संक्रांतीचं वाण घरात ठेवत नाहीत, लुटतात.

बोरू
ताई, ते वाण वेगळं. ते 'वायन'वरून आलेलं, नपुंसकलिंगी. बियाण्याचा 'तो वाण' पुल्लिंगी. उच्चार एक झाला म्हणून शब्द एक होत नाही. आणि तिसराही आहे, स्त्रीलिंगी 'ती वाण', म्हणजे उणीव. एका शब्दाला तीन लिंगं आणि तीन अर्थ, तो संज्ञा म्हणून कसा चालेल?

पांदण
तो तिसरा माझ्या आजीच्या तोंडी होता. "तुह्या आज्याच्या काळी घरात कशाची वाण नोती." आज किती वर्षांनी आठवलं. तिला पाणीचं पानी आणि वाणचं वान असायचं, पण अर्थ कधी चुकायचा नाही. समोर कपाशी आहे की तिळगूळ, त्यावरून कळायचंच.

बोरू
बोलण्यात कळतं. भिंतीवरच्या कागदावर कळायला हवं. मी हट्टी वाटत असेन, पण पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली आहेत. एका तालुक्यात समजलेला शब्द दुसऱ्या तालुक्यात पोराचा मार्क घालवतो, हे मी पाहिलंय. म्हणूनच ब्राउझरलाही 'न्याहाळक' असा एकच नेमका शब्द असावा असं वाटतं.

खारपाणपट्टा
आमच्याकडे ळ चा य होते. डोया, काया, फय. न्याहाळक म्हणजे 'न्याहायक'. तुमचा नेमका शब्द बाळापूरपर्यंत येता येता बदलला.

पांदण
आणि न्याहाळणं म्हणजे टक लावून एकच गोष्ट पाहणं. ब्राउझचा इंग्रजीतला जुना अर्थ जनावरानं कोवळा पाला खुडत जाणं असा आहे. बकरी बोरीवर तोंड मारते, दोन पानं खाते, बाभळीकडे जाते. मी वीस टॅब उघडून बसतो ते असंच. त्याला 'चरणं' म्हटलं तर?

रात्रपाळी
चरणं चांगलं आहे, पण माझ्याकडे काही साइट चरूच देत नाहीत. पीकविम्याच्या वेळी एक पोर्टल फायरफॉक्समध्ये उघडत नव्हतं, "हा ब्राउझर चालणार नाही" एवढंच दाखवायचं. बाहेर बाया-माणसं सातबारा हातात धरून उभी, मुदत दोन दिवसांवर. शेवटी युजर एजंट बदलला, म्हणजे फायरफॉक्सनं आपण क्रोम आहोत असं सांगितलं, आणि तोच फॉर्म पहिल्या झटक्यात भरला गेला. ब्राउझरमध्ये काही कमी नव्हतं, फक्त नाव विचारून दार लावत होते. याला मराठीत काय म्हणावं?

धानपट्टा
सोंग घेणं. आमच्या दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, सोंग येतं तेव्हा सगळ्या गावाला माहीत असतं आत कोण आहे. क्रोमसुद्धा आपली ओळख सांगताना 'मोझिला/५.०' पासूनच सुरुवात करतो, म्हणजे सोंग त्यानंही घेतलेलंच आहे.

बोरू
'सोंग' उत्तम. हा मी लिहून ठेवतो.

खारपाणपट्टा
सोंग चालते अन् वाण चालत नाही?

बोरू
सोंगाला अर्थ एकच आहे.

धानपट्टा
"सोंग करू नको" म्हणतात तेव्हा? तो ढोंगाचा अर्थ झाला की.

पांदण
गुरुजींना हे सगळं वाचून दाखवलं. लुटायच्या वाणाचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग 'चा' आहे तिथं 'चं' कर." म्हणजे 'लिनक्सचं वाण'. आता मी पुन्हा अडकलो, कारण तसं केलं तर बियाणं जातं.

रात्रपाळी
दादा, ती ओळ मोकळी सोडून पुढचं तर लिहा. पेन ड्राइव्ह ओढून काढण्याआधी जे 'इजेक्ट' करावं लागतं, त्याला काय लिहिणार आहात? पोरं तशीच ओढतात आणि फाइली जातात.

खारपाणपट्टा
'सोडणे'. बैल गाडीचा सोडतो तसं. आधी जू उतरवा, मंग बैल बाहेर काढा.

धानपट्टा
जू उतरवणं हेच म्हणा ना मग. 'सोडणे' म्हटलं तर पोरं सोडूनच देतील.