'रुद्धोष्म' आणि 'समतापी' : नक्की काय अडतं, काय कायम राहतं?

प्रश्न : ऊष्मागतिकीवरच्या, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या शास्त्रावरच्या, एका मराठी लेखात वाचलं की 'रुद्धोष्म' प्रसरणात वायू थंड होतो. रुद्ध म्हणजे अडवलेला. उष्मा आतच अडवला तर वायू गार का पडावा? उलट 'समतापी' प्रसरणात म्हणे वायूला उष्णता पुरवावी लागते. हे शब्द उलटेपालटे झालेत का?

प्रतिसाद : शब्द चोख आहेत, घोळ 'ताप'मुळे होतो. संस्कृतात ताप म्हणजे उष्णता, आपल्या घरात ताप म्हणजे ज्वर, आणि 'समतापी'त तो आलाय तापमानासाठी. तापमान बदलत नाही, एवढंच हा शब्द सांगतो. उष्णता आत आली की बाहेर गेली, यावर तो गप्प आहे. 'रुद्धोष्म' हा बहुव्रीही: रुद्ध आहे ऊष्मा जिच्यात अशी प्रक्रिया. इथे उष्णतेची ये-जा बंद, तापमान मात्र मोकळं.

आकडे घेऊन बघा. दट्ट्याच्या (पिस्टनच्या) नळकांड्यात ३०० केल्व्हिनला, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसला, एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) आदर्श वायू आहे, म्हणजे रेणूंमध्ये आपसांत ओढ नाही असं मानलेला; हवेसारखा द्विअणू, म्हणजे दोन-दोन अणूंच्या रेणूंचा. त्याचं आकारमान सावकाश दुप्पट करायचंय. समतापी रीतीने केलं तर सुमारे १,७२९ ज्यूल उष्णता आत येते आणि वायू दट्ट्यावर तेवढंच कार्य करतो. आंतरिक ऊर्जा, म्हणजे वायूच्या रेणूंची स्वतःची ऊर्जा, जशीच्या तशी. रुद्धोष्म रीतीत बाहेरून छदामही मिळत नाही. दट्ट्या ढकलायचा तर गाठचीच ऊर्जा खर्चावी लागते, आणि तापमान उतरतं सुमारे २२७ केल्व्हिनवर, म्हणजे उणे ४६ अंश सेल्सिअस. म्हणून 'उष्णता गमावून थंड झाला' असं कृपया लिहू नका. 'कार्य करून थंड झाला' हेच बरोबर.

'तापवणे' हे क्रियापदही जपून वापरावं. दाब कायम ठेवून हाच वायू दुप्पट फुगवला तर तापमान ६०० केल्व्हिन होतं आणि सुमारे ८,७३० ज्यूल उष्णता लागते. त्यातले २,४९४ कार्यात जातात, बाकीचे आंतरिक ऊर्जेत. इथे वायू 'तापवला' म्हणणं योग्य. समतापीत मात्र उष्णता 'दिली', वायू तापला नाही.

पावसाळ्यात हे रुद्धोष्म थंड होणं घाटात घडतं. समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढते, वर दाब कमी म्हणून फुगते आणि थंड होऊन ढग धरते. कोरडी हवा असेल तर ही घट किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंश. ढग धरायला लागला की बाष्पाची सुप्त उष्णता (बाष्पाचं पाणी होताना सुटणारी) हवेत मोकळी होते आणि घट मंदावते.

दुसरा प्रतिसाद : एक पुरवणी. रुद्धोष्म प्रसरण म्हटलं की वायू थंड होणारच, असंही नाही. १८४५ मध्ये जेम्स ज्यूल या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने (ऊर्जेचं एकक त्याच्याच नावाचं) पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यातली दाबाखालची हवा शेजारच्या निर्वात भांड्यात सोडली. पाण्याच्या तापमानात फरक जाणवला नाही. ढकलायला समोर काही नाही म्हणजे कार्य शून्य, उष्णताही शून्य. आदर्श वायूचं असं मुक्त प्रसरण रुद्धोष्मही असतं आणि त्यात तापमानही पहिल्याइतकंच राहतं. म्हणून वायू गार पडला असं सांगायचं असेल, तर नुसतं 'रुद्धोष्म प्रसरण' न लिहिता 'दट्ट्यावर कार्य करत झालेलं' हेही जोडावं.