पहिली पदवी लपवू नका
एक पदवी हाती असताना दुसरी पदवी करायला निघालेल्यांना ‘पहिली पदवी अर्जात दाखवलीच नाही तर फ्रेशर (पहिल्यांदाच पदवीला येणारा विद्यार्थी) म्हणून विचार होईल’ असा सल्ला काही जण देतात, तो धोक्याचा आहे. आधीचं सगळं शिक्षण लिहा असं बहुतेक अर्जांत स्पष्ट विचारतात. पुढे उघडकीस आलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि भरलेली फी गेली ती गेलीच. शिवाय त्या पदवीवर काही सामायिक विषयांतून सूट मिळू शकते, ती कशाला घालवायची? पण त्या सुटीसाठी नुसत्या गुणपत्रिकेवर भागत नाही. माझ्याकडे मी शिकलो त्या वर्षांचा अभ्यासक्रम मागितला होता, विषयवार, तासांसकट, जुन्या विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. संकेतस्थळावर सहसा नवाच असतो, तेव्हा जुना आधीच मागवून ठेवा.

पैशांचं मात्र वेगळं. अमेरिकेतली पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारी, सहसा परत न करायची मदत) सहसा पहिल्या पदवीपुरतीच मिळते.