एन्रॉन ठेवला असता तर भारनियमन झालंच नसतं? त्या पोस्टला उत्तर

रात्रपाळी

कालपासून तीन वेगवेगळ्या गटांतून तीच पोस्ट माझ्याकडे आली. मजकूर असा: ‘राजकारण्यांनी एन्रॉन समुद्रात बुडवला नसता तर महाराष्ट्रानं भारनियमन पाहिलंच नसतं. ऊर्जा सुरक्षा हवी तर मोठे प्रकल्प हवेत, पर्यावरणवाल्यांनी मध्ये येऊ नये.’ दोन ओळी लिहून झोपणार होतो. एकतीस वर्षं वीज खात्यात काढलेल्या माणसाला हे वाचून झोप येत नाही.

बुडवला कुठे? एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या, गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारनं रद्द केला आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारनं नव्या वाटाघाटी करून तो पुन्हा मान्य केला. वर, आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही बंधनकारक करून घेतला. मे १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली. म्हणजे एन्रॉन आपण ठेवला होता, आणि दोन वर्षं त्याची वीजही वापरली.

त्या दोन वर्षांत मी भार नियंत्रणाच्या पाळीवर होतो. रात्री एकनंतर मागणी उतरायची. अशा वेळी महाग संच खाली घ्यायचा आणि स्वस्त चालू ठेवायचा, हे नव्या पोरालाही शिकवावं लागत नाही. दाभोळच्या बाबतीत दोन्हीकडून मरण होतं. खाली घेतला तरी त्याचा स्थिर आकार भरायचाच. चालू ठेवला तर नाफ्त्याचं, म्हणजे त्याच्या तेलजन्य इंधनाचं बिल वर, आणि शिवाय कोळशाचा एखादा संच उतरवायचा, ज्याची वीज त्याच्या निम्म्या भावात पडत होती. नोंदवहीत वेळ लिहायची, मेगावॅट लिहायचे, सही करायची. रुपयांचा रकाना त्या वहीत नव्हता. तो आकडा आम्ही मनात लिहायचो.

डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००१ मध्ये ४६-४७ ला गेला. स्थिर आकार डॉलरला बांधलेला, इंधन तेलाच्या भावाला बांधलेलं, आणि दोन्ही चढले तर भरायचं राज्य वीज मंडळानं. त्यावर राज्याची हमी, हमीवर केंद्राची प्रतिहमी. २००० सरता सरता युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. ही वीज राज्याला परवडायची नाही, हे जागतिक बँकेनं १९९३ मध्येच लिहून दिलं होतं आणि कर्ज नाकारलं होतं. मेगावॅट किती, हा प्रश्न मागाहून विचारा. इंधन कुठून येणार, कुठल्या चलनात, आणि भाव भडकला तर कोण भरणार, हे आधी. सुरक्षेचा अर्थ मला तरी एवढाच कळतो.

मेरिट_ऑर्डर

काका, गोष्ट मे २००१ ला थांबवणं तुमच्या सोयीचं आहे. पुढचं मी सांगतो. त्या महिन्यात आपण वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला आणि २००६ पर्यंत उभी-अर्धवट मिळून दोन हजार मेगावॅटच्या वर क्षमता गुहागरला कुलपात पडून राहिली. नेमक्या त्याच काळात राज्याची तूट चार-पाच हजार मेगावॅटवर गेली. खेड्यात बारा-बारा तास अंधार.

आमचे इचलकरंजीत चोवीस माग होते. २००५-०६ मध्ये वडिलांनी त्यातले आठ भंगारच्या भावात दिले. माग महाग विजेमुळे बंद पडत नव्हते, वीजच नव्हती म्हणून पडत होते. डिझेलवर युनिट दहाच्या वर जायचं. सात रुपयांची वीज तुम्हाला महाग वाटली, आम्ही ती हात जोडून घेतली असती. न मिळालेली वीज सगळ्यात महाग असते, हे कुठल्याच समितीच्या अहवालात येत नाही.

आणि करार करायचा, मग मोडायचा, परत करायचा, परत थकवायचा. अशा राज्यात पुढची दहा वर्षं कोण पैसा घालणार होतं? मी वीज खरेदी-विक्रीत काम करतो. बाजाराला दोष देणं सोपं आहे, पण दाभोळमध्ये बाजार होताच कुठे? निविदासुद्धा निघाली नव्हती.

रात्रपाळी

निविदा निघाली नव्हती, हे तुम्हीच म्हणालात ते बरं झालं. माझी अर्धी तक्रार तीच आहे.

मागांचं ऐकून वाईट वाटलं, ते मनापासून लिहितो. अक्षय प्रकाश योजनेत गावोगाव फिरून ‘संध्याकाळी मोटारी लावू नका, घरात दिवा राहील’ असं हात जोडून सांगणाऱ्यांत मीही होतो. पण कुलूप उघडल्यावर काय झालं, तेही सांगा ना. २००५ मध्ये प्रकल्प चालवायला रत्नागिरी गॅस कंपनी झाली, एनटीपीसी आणि गेल या केंद्राच्या कंपन्या आल्या, देशी वायू येणार म्हणून सगळे निश्चिंत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू २००९ मध्ये आला आणि चार वर्षांत आटला. २०१३ मध्ये तोच प्रकल्प पुन्हा थंड. एन्रॉन नव्हता, डॉलरचा करार नव्हता, तरी थंड, कारण इंधन नव्हतं. २०१५ मध्ये रेल्वेनं पाचशे मेगावॅट घ्यायचं ठरवलं म्हणून निदान धूर निघाला. देशभरात हजारो मेगावॅटची वायू केंद्रं अशीच बहुतांशी बसून आहेत.

स्टुटगार्टहून

इथे २०२२ चा हिवाळा काढला आहे म्हणून लिहिते. जर्मनीचा निम्म्याहून जास्त आयात वायू एकट्या रशियाकडून यायचा. नळातून येतो, स्वस्त पडतो, कशाला दुसरा शोधा! ऑगस्टअखेर रशियाची नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनी बंद झाली तेव्हा आमच्या इमारतीत जिन्यावर नोटीस लागली, खोल्या १९ अंशांवर ठेवा. सरकारनं २०२३ साठी युनिटला वायू १२ सेंट आणि वीज ४० सेंट अशी मर्यादा घातली, तीही वापराच्या ८० टक्क्यांपुरती. विल्हेल्म्सहाफेनला जहाजानं वायू उतरवायची सोय डिसेंबरात उभी राहिली. श्रीमंत देश होता म्हणून निभावलं. युरोपनं चढ्या भावानं वायूची जहाजं उचलली तेव्हा पाकिस्तान आणि बांगलादेश अंधारात बसले. त्यामुळे काकांशी सहमत.

वेलदूर_बंदर

तुम्ही दोघं युनिटचा भाव मोजताय, आमच्या गावाचा भाव कोणी मोजलाय? जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या, शेजारच्या वेलदुरात घुसले, बायकांना घरातून ओढून काढलं. अॅम्नेस्टीच्या अहवालात आहे ते, माझं ऐकू नका. माझी आत्या तिथलीच. त्या दिवसाबद्दल ती अजून बोलत नाही, विषय निघाला की उठून परसात जाते.

आणि ‘पर्यावरणवाल्यांनी मध्ये येऊ नये’ लिहिणाऱ्यानं एकदा सांगावं, गरम पाणी खाडीत सोडलं तर मासळी कुठे जाते, हे विचारणारा कोळी पर्यावरणवाला कसा झाला? त्याचा तो धंदा आहे.

मेरिट_ऑर्डर

वेलदूरबद्दल वाद नाही, ते चूकच होतं. पण कोकणात वायू नको, जैतापूरला अणू नको, मग वीज विदर्भाच्या कोळशावरच ना?

राखेतली

हो, आमच्यावरच. विदर्भात एका केंद्रापासून आठ किलोमीटरवर राहते मी. सकाळी ओसरी पुसली की फडकं काळं, दुपारी परत काळं. उन्हाळ्यात पापड वाळवायचे तर वर साडी बांधावी लागते. पोराचा श्वासाचा पंप दप्तरात असते, डबा एक वेळ विसरतो तो, पंप नाही.

काका, तुमच्या वहीत कोळशाचा संच स्वस्त दिसत होता कारण ही फडकी त्यात धरली नव्हती. २०१५ मध्ये नियम आला, गंधक काढणारी यंत्रं दोन वर्षांत बसवा. मुदती वाढत वाढत जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला राखेचा बंधारा फुटला, ओढ्या-शेतांत राख गेली. स्वस्त कोणासाठी, ते सांगा.

रात्रपाळी

ताई, हे मला मान्य करावं लागेल. मेरिट ऑर्डर, म्हणजे स्वस्त संच आधी आणि महाग नंतर हा क्रम, लावताना आम्ही फक्त इंधनाचा खर्च धरायचो.

टेलएंड_शेतकरी

सगळे शहाणे बोलून झाले असतील तर आमचं ऐका. ऊर्जा सुरक्षा म्हणजे रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस सकाळी घरी येणं. आठवड्याला पाळी बदलते, एक आठवडा दिवसा थ्री-फेज, एक आठवडा रात्री. उसात बिबट्या, बांधावर साप. मागल्या साली शेजारचा पोरगा थोडक्यात वाचला.

मग म्हणाले सौर पंप घ्या. बोअरसाठी विजेचे पैसे भरून तीन वर्षं वाट पाहिली होती, तिथं सौरचा कागद पुढं केला. दहा टक्के हिस्सा भरला, पाच एचपी बसवला. पाणी येतं दुपारी बारा ते तीन, तेही करंगळीएवढं. ठेकेदार फोन उचलत नाही. एन्रॉनचं तुमचं तुम्ही बघा, या सौरनं मला फसवलं.

मेरिट_ऑर्डर

सौर वाईट नाही हो, दादा. वावरात सुटा पंप देण्यापेक्षा सगळा कृषी फीडरच, म्हणजे शेतांना वीज देणारी वाहिनीच, सौरवर न्यावा. उपकेंद्राजवळ प्रकल्प, युनिट तीन रुपयांच्या आसपास, तुमची मोटार तीच, वीज दिवसा. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सुरूही झालं. वर सरकारला सबसिडी कमी लागते.

टेलएंड_शेतकरी

धोंदलगाव धोंदलगाव ऐकून कान किटले. माझा फीडर कधी, ते सांगा. आमच्या उपकेंद्राशेजारी गायरान आहे, गावाचं म्हणणं जनावरं कुठं चारायची? आणि सबसिडीचं तुम्ही बोलू नका. तुमच्या मागांनाही सवलतीची वीज होती.

मेरिट_ऑर्डर

मागांची सवलत काढायची असेल तर साडेसात एचपीपर्यंतची मोफत वीजही काढा. चालेल?

टेलएंड_शेतकरी

मोफत दिली आणि रात्री दिली. मी पैसे भरतो, मला दिवसा द्या. लिहून देतो, चालेल?

राखेतली

दादांचं बरोबर आहे. दिवसा दिली तर ती उन्हाची असेल, आमच्या राखेची नाही. एवढं तरी दोघं मान्य करा.

मेरिट_ऑर्डर

दिवसापुरतं मान्य. संध्याकाळी सात ते दहा मागणी चढते तेव्हा कोयना किती पुरणार? तिथे कोळसा लागेल, आणि एप्रिल २०२२ सारखी टंचाईची वेळ आली की, तेव्हा बारा रुपयांनी घेतली तशी, महाग वीज माझ्यासारख्याकडूनच घ्याल. दाभोळचा करार वाईट होता, हे काकांना देऊन टाकतो. मोडून पाच वर्षं हातावर हात ठेवून बसलो, ते चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

रात्रपाळी

तसं मीही म्हटलेलं नाही. दादा, बोअर किती खोल आहे? आणि पंपाच्या पाटीवर हेड, म्हणजे पाणी किती उंच उचलेल ते, किती लिहिलंय?

टेलएंड_शेतकरी

बोअर ३२० फूट, मोटार ३०० वर सोडली. पाटीवर ५० मीटर आहे.

रात्रपाळी

मग बहुधा पॅनेलचा दोष नाही. ३०० फूट म्हणजे नव्वद मीटर झाले. बोअरमधलं पाणी पन्नास मीटरच्या जवळपास किंवा खाली गेलं की पन्नास मीटरचा पंप ते नीट उचलणार कसा? कडक ऊन असेल तेवढा वेळच थोडं पाणी वर येईल. सर्वेक्षणाच्या कागदावर खोली काय लिहिली आहे ते पाहा आणि पाटीचा फोटो काढून लेखी तक्रार द्या. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची आहे, फोनवर ऐकून घेऊ नका.

टेलएंड_शेतकरी

सर्वेला कोणी आलंच नव्हतं, फोनवर विचारलं होतं. कागद शोधतो. आज विहिरीच्या मोटारीला रात्रीची पाळी आहे, दहाला लाइट येईल. पोरगं बॅटरी चार्ज करतंय. कांद्याची दोन वाफं राहिलीत, निघतो.